घाटाचा राजा: बोरघाट, माथेरान आणि सायकलपटूचा पेशा

सायकलपटूची कारकीर्द कोणाच्या पैशावर उभी राहते, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या देशांत निरनिराळे मिळाले आहे. फ्रान्समध्ये 1903 साली एका क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली आणि सायकल व टायर बनवणाऱ्या कारखान्यांनी जाहिरातीसाठी पगारी संघ बाळगले, त्यामुळे तेथे सायकल चालवणे हाच पोटाचा धंदा होऊ शकला. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात असे पगारी संघ नसल्याने शर्यतीतून पैशापेक्षा नाव मिळत असे, आणि ते नाव देणारी कसोटी खालापूर तालुक्यातील बोरघाटात होती.

खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा हा गाडीरस्ता 1830 मध्ये कोकण आणि देश यांच्यातील मालवाहतुकीसाठी खुला झाला. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून लोककथेत ओळखल्या जाणाऱ्या शिंग्रोबाचे देऊळ याच रस्त्यावर असून येणारेजाणारे वाहनचालक आजही तेथे नाणे टाकतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत या चढणीला स्वतंत्र महत्त्व आले आणि घाट सर्वांत आधी सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळू लागला. ‘तूर द फ्रान्स’मध्येही डोंगरचढाईची वेगळी क्रमवारी 1933 पासून लावली जाते. अशा किताबामागे शर्यतीचे गणित आहे. पनवेलकडील सपाटीवर स्पर्धक घोळक्याने धावतात, कारण पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे श्रम वाचतात. परंतु खोपोली सुटून चढ लागला की वेग उतरतो, वाऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही आणि स्वतःचे वजन वर ओढण्याची ताकदच निर्णायक ठरल्याने घोळका फुटतो. त्यामुळे घाट जिंकणारा आणि पुण्यात पहिला येणारा सायकलपटू एकच असेल, असे नाही.

ट्रॅकवरील शर्यतीचे शास्त्र निराळे आहे. ट्रॅक म्हणजे वळणांवर तिरका उचललेला लंबवर्तुळाकार मार्ग. तेथील सायकलला ब्रेक नसतो आणि मागचे चाक पायट्याशी पक्के जोडलेले असल्याने चाक फिरत असेपर्यंत पाय थांबवता येत नाहीत. भारतीय सायकलिंग महासंघ 1946 मध्ये स्थापन झाला, त्यात जानकीदास आणि सोहराब भूत यांचा पुढाकार होता, तर 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रुसी मुल्ला फिरोज, अदी हवेवाला, जहांगू अमीन आदींनी ट्रॅकवर भारताचे प्रतिनिधित्व केले. मात्र ट्रॅक बांधावा लागतो, राखावा लागतो, आणि त्यासाठी संस्थेचे पाठबळ लागते. घाट रस्त्याबरोबर आयताच मिळाला होता. सरावाची सोय अशी विषम असल्याने रस्त्यावरील शर्यतीला येथे अधिक मोठा आणि जुना प्रेक्षक लाभला.

उपजीविकेचा मार्ग या दोहोंच्या बाहेर राहिला. ऑलिंपिकची सायकल शर्यत व्यावसायिकांना 1996 मध्ये खुली झाली, तोवर तेथे हौशी, म्हणजे खेळाचा मोबदला न घेणाऱ्या, खेळाडूलाच प्रवेश होता. भारतात रेल्वे आणि सेनादले राष्ट्रीय स्पर्धांत स्वतःचे संघ उतरवतात, म्हणून नोकरी हाच सायकलपटूचा पगार ठरला. पेशा कागदोपत्री कर्मचाऱ्याचा आणि मेहनत खेळाडूची, अशी ही व्यवस्था होती.

कर्जत तालुक्यातील माथेरानने चढणीचा वेगळा इतिहास जपला आहे. 1907 साली सुरू झालेली छोटी रेल्वे सुमारे 21 किलोमीटरची वळणे घेत नेरळहून वर जाते, तर नेरळ-दस्तुरी रस्ता जवळपास तितकीच उंची दहा किलोमीटरच्या आत गाठतो, म्हणून चढाईचा सराव करणारे सायकलस्वार या रस्त्यावर येतात. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना मनाई आहे. पायथ्याच्या पलीकडे 2002 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उलट सायकलीलाच बंदी आहे, त्यामुळे बोरघाटात सायकलस्वाराच्या वाट्याला शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा, मूळ बैलगाड्यांसाठी काढलेला तोच जुना रस्ता येतो.