रियासतकारांचा लेखननेम

लेखनाला निवांत वेळ मिळत नाही, ही नवोदितांची तक्रार फार जुनी आहे. वडोद्यात राहून ती करणाऱ्याने गोविंद सखाराम सरदेसाई यांची नोकरी एकदा नजरेखालून घालावी. १८८९ मध्ये ते सयाजीराव महाराजांकडे वाचक म्हणून रुजू झाले आणि १९२५ पर्यंत संस्थानच्या सेवेत राहिले. वाचक, राजपुत्रांचे शिक्षक, पुढे खानगीकडील कामे. यांपैकी एकही हुद्दा ग्रंथकाराचा नव्हता.

आरंभीची वर्षे भाषांतरांत गेली. मॅकियाव्हेलीचा ‘राजधर्म’ १८९० मध्ये, सीलीच्या ग्रंथाचे ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ १८९३ मध्ये. आज ही पुस्तके कोणी फारसे उघडत नाही. पण दुसऱ्याचा विचार स्वच्छ मराठीत उतरवताना हाताला जे वळण लागते, ते त्यांना येथे लागले असावे. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा, तर मराठीत हाताशी घ्यावा असा सलग ग्रंथ नव्हता. म्हणून टिपणे काढणे आले. त्या टिपणांतूनच १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली आणि १९०२ पासून ‘मराठी रियासती’चे भाग निघू लागले. उद्याच्या पाठासाठी केलेली तयारी वाया जाऊ द्यायची नाही, एवढाच काय तो नेम! कथा-कादंबरीकारानेही तो उचलावा, असे आम्हांस वाटते.

रियासतीच्या भाषेला राजवाड्यांची धार नाही, हे मान्यच करावे. सरदेसायांचे सामर्थ्य निराळे होते. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस यांच्या परिश्रमांतून नवी कागदपत्रे उजेडात येत गेली, तसतसे ते आपलेच छापील लेखन पुन्हा लिहावयास बसत. छापून झाले म्हणजे संपले, ही भावना त्यांना शिवली नाही. जदुनाथ सरकारांशी सुमारे अर्धशतक चाललेला पत्रव्यवहारही याच वृत्तीचा. चुका दाखवणारा स्नेही त्यांनी जन्मभर जपला.

या नेमाची खरी कसोटी पुढेच लागली. दोन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. श्यामकांत १९२५ मध्ये, ऐन तारुण्यात. तेच निवृत्तीचे वर्ष. वडोदे सोडून ते इंद्रायणीकाठी कामशेतला राहावयास गेले. अशा वेळी लेखणी खाली ठेवली असती, तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु १९२९ मध्ये पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या संपादनाचे काम आले आणि पुढील काही वर्षांत त्याचे ४५ खंड बाहेर पडले. मोडीची ती रुमालेच्या रुमाले चाळताना साठीतल्या या माणसाने आपल्याच रियासतीतील कितीतरी विधाने पुन्हा पारखून घेतली.

त्यानंतर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत आणावयाचा ठरले. रियासतीचे भाषांतर करणे सोपे होते. सरदेसायांनी सारा विषय पुन्हा नव्याने मांडला. तीन खंडांपैकी पहिला १९४६ मध्ये निघाला. शेवटचा १९४८ मध्ये, तेव्हा त्यांचे वय ८३ होते.