छताची चांदी

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ला १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ची. दोन्ही मी दिल्लीत वाचल्या. ऑगस्ट १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी हीच दिल्ली घेतली आणि फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासच्या छताची उरलेली चांदी उतरवून रुपये पाडले. पुण्यात ही ओढगस्त वाटते. लाल किल्ल्यात, आजच्या लाकडी छताखाली, लूट. मराठी वाचक भाऊंच्या तंबूत बसून वाचतो. त्याला उपाशी फौज दिसते, शहर दिसत नाही. पुढे माधवरावांच्या काळात, १७७१मध्ये, मराठे परतले आणि अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला असलेल्या शाहआलमला त्यांनी १७७२च्या जानेवारीत दिल्लीत आणलं. म्हणून पुरस्काराच्या यादीतली प्रत्येक ऐतिहासिक कादंबरी मी एका प्रश्नाने तपासते: ज्यांच्या डोक्यावरचं छत गेलं, त्यांना तिच्यात तोंड आहे का?