फेअरबर्न-साइक्स खंजीर : तीन रूपे आणि संग्राहकाची पारख

दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रांच्या संग्रहात ‘फेअरबर्न-साइक्स’ या ब्रिटिश खंजिराला विशेष मान आहे. मागणी मोठी असल्याने बनावट आणि युद्धोत्तर नमुनेही बाजारात पुष्कळ आहेत. पाते, परज आणि मूठ यांतील बारीक फरक ओळखता आल्यासच अस्सल वस्तूची पारख होते.

विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स हे दोघे शांघाय नगरपालिकेच्या पोलीस दलात होते. तेथील हातघाईच्या अनुभवाच्या जोरावर ते १९४० मध्ये ब्रिटनमध्ये कमांडो तुकड्यांचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘विल्किन्सन सोर्ड’ या कंपनीशी त्यांची चर्चा झाली आणि जानेवारी १९४१ मध्ये पहिले खंजीर तयार झाले. हे शस्त्र कापण्यापेक्षा भोसकण्यासाठी घडवलेले असल्याने पाते दुधारी, अरुंद आणि टोकाकडे निमुळते ठेवण्यात आले. मधोमध उंच कणा असून पात्याचा छेद शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. पात्याची लांबी साधारण साडेसहा ते सात इंच आणि एकूण लांबी सुमारे साडेअकरा इंच भरते.

पहिले रूप : मुठीपुढील आडवी पट्टी, म्हणजे परज, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली असते. पात्याच्या मुळाशी बिनधारेचा सपाट चौकोनी भाग असून त्याच्या एका बाजूवर खंजिराचे व दुसऱ्या बाजूवर कंपनीचे नाव कोरलेले आढळते. मूठ पितळेची असून पकड घट्ट बसावी म्हणून तिच्यावर बारीक चौकड्यांची खरबरीत नक्षी असते.

दुसरे रूप : १९४२ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी घडण सोपी करण्यात आली. परज सरळ व लंबगोल झाली, मुळाशी असलेला चौकोनी भाग गेला आणि पात्याची धार थेट परजेपर्यंत आली. मुठीवरील चौकड्या मात्र कायम राहिल्या. चकाकी शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून अनेक खंजीर काळे करण्यात आले.

तिसरे रूप : १९४३ मध्ये पितळी मुठीऐवजी मिश्रधातूची ओतीव मूठ आली. तिच्यावर चौकड्या नसून एकाखाली एक कड्या असतात. शेफील्डच्या कारखान्यांनी हे रूप मोठ्या संख्येने बनवले आणि युद्धानंतरही त्याचे उत्पादन चालू राहिले. त्यामुळे बाजारात तेच सर्वाधिक दिसते आणि फसगतही त्याच्याच बाबतीत अधिक होते. सरकारी मालकीची खूण असलेला रुंद बाण उपयोगी पुरावा ठरतो. पण ठसा नंतरही मारता येतो, म्हणून केवळ त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

अमेरिकेत याच घराण्यातील वेगळी पाती तयार झाली. ‘व्ही-४२’ या खंजिराच्या पात्याच्या मुळाशी अंगठा टेकवण्यासाठी रेघांची खोबण आहे. अमेरिकन नौसैनिकांच्या ‘रेडर’ तुकड्यांच्या खंजिराची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची होती. ती कालांतराने तडकते, म्हणून अखंड मुठीचे नमुने दुर्मिळ झाले आहेत.

रूपांमधील हे बदल सजावटीसाठी झालेले नाहीत. वेळ, धातू आणि कुशल हात यांची युद्धकाळात पडलेली टंचाई त्यांत नोंदलेली आहे. ही नोंद पुसण्याचे काम बहुधा हौशी मालकच करतो. फेअरबर्न-साइक्सचे टोक नाजूक असल्याने ते अनेकदा तुटलेले असते. ते घासून पुन्हा टोकदार केले की पाते आखूड होते आणि त्याचे प्रमाण बिघडते. पॉलिश केल्याने मूळ काळा थर आणि कोरीव अक्षरे नष्ट होतात. चामड्याच्या म्यानात खंजीर दीर्घकाळ ठेवल्यास पात्याला गंज चढतो. गोवा-कोकणाच्या दमट हवेत तर हा धोका अधिक. पात्याला तेलाचा पातळ हात देऊन ते म्यानाबाहेर, कोरड्या जागी ठेवावे. म्यानही जपावे. त्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यावर शिवण्यासाठी ठेवलेल्या चामडी पट्ट्या शाबूत असतील तर संग्रहाचे मोल वाढते.

खंजिरासोबत सांगितल्या जाणाऱ्या कथांबाबतही सावधगिरी हवी. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर पडलेला छापा ब्रिटनच्या ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या गुप्त संघटनेने योजला होता, आणि साइक्स त्याच संघटनेच्या हस्तकांना ब्रिटनमध्ये प्रशिक्षण देत होते. एवढ्या धाग्यावर एखाद्या खंजिराचा त्या छाप्याशी संबंध जोडणे सोपे आहे. मात्र सैनिकाची सेवानोंद, तत्कालीन पत्र किंवा छायाचित्र सोबत नसेल, तर किंमत वस्तूची द्यावी, कथेची नव्हे.

भारतात अशी खरेदी करण्यापूर्वी शस्त्र अधिनियम १९५९, शस्त्र नियम २०१६ आणि स्थानिक अधिसूचना तपासणे आवश्यक आहे. परदेशातून मागवताना सीमाशुल्काचे नियमही पाहावेत. खरेदीची पावती व पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे खंजिराबरोबरच जपली, तर पुढच्या पिढीच्या हाती शस्त्रासोबत त्याचा पडताळता येणारा इतिहासही जातो.