शिक्षेची मुदत आणि सनदेचा नकार

गुन्हेगारास शिक्षा किती द्यावी ह्याचा विचार जगांतील बहुतेक कायदेपंडितांनीं केला आहे. परंतु ती शिक्षा भोगून तो घरीं परत आल्यावर त्याला कोणता धंदा करूं द्यावा, ह्या प्रश्नाकडे त्यांचें लक्ष फार उशिरां गेलें. वकिलाची सनद, डॉक्टरचें नोंदवहींतील नांव, परिचारिकेचें नोंदणीपत्र हीं सुशिक्षित मध्यम वर्गाच्या चरितार्थाचीं साधनें होत. तुरुंगवासाची मुदत न्यायाधीश आंकड्यांत सांगतो. सनद नाकारणारी संस्था बहुधा आंकडा सांगतच नाहीं. ह्या दोहोंतील अंतर रत्नागिरीच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच दिसत असेल. म्हणून त्या इतिहासाच्या आधारें ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या जुन्या समाजाला हा प्रश्न अपरिचित नव्हता. जातीबाहेर टाकलेल्या मनुष्यास प्रायश्चित्तानंतर परत घ्यावयाचें, तर त्याला शुद्धिपत्र देत आणि गोताच्या पंक्तीस बसवून जेवूं घालीत. औरंगजेबानें मुसलमान केलेल्या नेताजी पालकरास १६७६ सालीं स्वधर्मांत परत घेतलें गेलें, तें ह्याच पद्धतीचें प्रसिद्ध उदाहरण होय. ह्या पद्धतींत जातिभेदाचा पक्षपात पुष्कळ होता, आणि ती जशीच्या तशी परत आणावी असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. तथापि तिच्यांत एक शहाणपण होतें: दोषाला जसा आरंभ होता, तसा शेवटहि होता. पंक्तींत पान वाढलें म्हणजे मागील गोष्ट संपली.

इंग्रजी अमलांत ही पंक्ति मोडली आणि तिच्या जागीं परीक्षा, सनद व नोंदवही आली. तरी प्रारंभीं सर्वच दरवाजे बंद झाले होते असें नाहीं. रत्नागिरींत १८५६ सालीं जन्मलेले टिळक आणि त्यांचे स्नेही आगरकर ह्यांना कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीबद्दल १८८२ सालीं चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशें एक दिवस काढले, हें सर्वश्रुत आहे. पुढें काय झालें तें मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. दोन वर्षांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. आणि शिक्षा भोगून आलेले हेच आगरकर १८९२ सालीं त्या कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले. टिळकांनीं तर पुढें वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्यांसाठीं कायद्याचा वर्ग चालविला. अध्यापकाच्या धंद्याला त्या काळीं सनद लागत नव्हती. ज्यांनीं त्यांच्या हातीं मुलें सोंपविलीं, ते त्यांना ओळखत होते. नोंदवहीपेक्षां ओळखीचा निर्णय तेथें अधिक अचूक ठरला, हें आम्हां कॉलेजांत शिकविणाऱ्यांनीं विसरूं नये.

परंतु ओळखीवर सर्व कांहीं सोडतां येत नाहीं. अनोळखी पक्षकार अनोळखी वकिलाच्या हातीं आपलें घर-शेत देतो. तेव्हां त्याच्या वतीनें कोणीतरी पारख केलीच पाहिजे. ह्या कामासाठीं झालेल्या १८७९ च्या वकिलांसंबंधींच्या कायद्याचें बारावें कलम वाचण्यासारखें आहे. शिक्षा झालेला प्रत्येक वकील काढून टाकावा असें तें म्हणत नाहीं. ज्या गुन्ह्यावरून चारित्र्याचें वैगुण्य सूचित होतें, आणि ज्या वैगुण्यामुळें तो मनुष्य वकिलीस अपात्र ठरतो, अशा गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्या वकिलाला हायकोर्टानें दूर करावें, असा त्याचा आशय आहे. म्हणजे गुन्हा, स्वभाव आणि धंदा ह्या तीन गोष्टींची सांगड घालून दाखविल्याशिवाय सनद काढूं नये, असा तो दंडक होता. कायदा परकीयांचा खरा. पण ह्या एका वाक्यापुरता तो न्याय्य होता, असें म्हणणें प्राप्त आहे.

लंडनच्या ग्रेज इननें १९०९ सालीं जें केलें तें ह्या दंडकाला सोडून होतें. विनायक दामोदर सावरकर १९०६ सालीं तेथें बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं गेले व परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु त्यांच्या राजकीय चळवळींमुळें इनच्या अधिकाऱ्यांनीं त्यांना बॅरिस्टर करून घेण्याचें नाकारलें. राजकारणांत भाग घेणार नाहीं असें लिहून दिल्यास विचार होईल, अशी अट घातली गेली व त्यांनीं ती मानली नाहीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. वाचकांनीं येथें कालक्रम लक्षांत घ्यावा. त्या वेळीं त्यांना कोणत्याहि न्यायालयानें शिक्षा दिलेली नव्हती. अटक मार्च १९१० मध्यें झाली. जन्मठेपेच्या दोन शिक्षा डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्यें झाल्या. म्हणजे सनदेचा नकार आधीं आणि अपराधाचा निर्णय मागून! पुढें मुंबई विद्यापीठानें त्यांची बी. ए. ची पदवीहि काढून घेतली.

हें एकट्या सावरकरांच्याच वांट्यास आलें असें नाहीं. श्यामजी कृष्णवर्मा ह्यांचें नांव इनर टेंपलनें १९०९ सालींच बॅरिस्टरांच्या यादींतून काढलें. तें २०१५ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंचाऐंशी वर्षांनीं, परत घातलें गेलें. गांधींना मार्च १९२२ मध्यें राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इनर टेंपलनें त्यांचेंहि नांव खोडलें. सरकारनें त्यांना ५ फेब्रुवारी १९२४ रोजीं मुक्त केलें. इनर टेंपलला मात्र त्यांचें नांव परत लिहिण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. तुरुंग दोन वर्षांच्या आंत उघडला. नोंदवही सहासष्ट वर्षांनीं उघडली. राज्य गेलें, राजा बदलला, देशाचे नकाशे बदलले, तरी शाईची एक रेघ तशीच राहिली.

आतां रत्नागिरीकडे वळूं. सावरकरांना ६ जानेवारी १९२४ रोजीं तुरुंगांतून सोडलें तें दोन मुख्य अटींवर: परवानगीवांचून रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाऊं नये, आणि राजकारणांत भाग घेऊं नये. १९०९ सालीं जी अट त्यांनीं नाकारली, तिच्याच जातीची अट त्यांनीं १९२४ सालीं कां स्वीकारली, ह्यावर इतिहासकारांचा वाद आहे, आणि तो ह्या लेखांत मिटणारा नाहीं. आम्हांला येथें प्रस्तुत आहे ती मुदत. हुकुमांत पांच वर्षें लिहिलीं होतीं. तीं पुनःपुन्हा वाढवून १० मे १९३७ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ, नेलीं गेलीं. ज्या मुदतीला वाढवितां येतें ती मुदत नव्हे, ती टांगती तलवार होय. सनद नाहीं, पदवी नाहीं, जिल्ह्याबाहेर जाण्याची मोकळीक नाहीं, अशा स्थितींत त्यांचा निर्वाह कसा चालावा? शेवटीं सरकारलाच १९२९ पासून दरमहा साठ रुपये द्यावे लागले. ज्याला स्वतःच्या विद्येवर पोट भरतां आलें असतें, त्याची विद्या बंद करून त्याला पोसावयाचें, ह्यांत शहाणपण कोणतें?

त्याच काळांत ह्याच गांवीं आणखी एक गोष्ट घडली. भागोजी कीर ह्यांनीं बांधविलेलें पतितपावन मंदिर फेब्रुवारी १९३१ मध्यें सर्व जातींच्या हिंदूंसाठीं उघडलें, आणि सहभोजनें होऊं लागलीं. धंद्याची पंक्ति ज्याला बंद होती, तोच मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या कोणताहि अपराध न करतां पंक्तीबाहेर ठेवलेल्यांना पंक्तींत बसवीत होता. त्याच्या राजकीय मतांशीं ज्यांचा मुळींच मेळ बसत नाहीं, त्यांनाहि ह्या घटनेचें महत्त्व नाकारतां येणार नाहीं.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानें ह्या इतिहासापासून कांहीं धडा घेतला काय? थोडा घेतला आहे. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यांत १९७३ सालीं चोवीस-अ हें कलम घातलें गेलें. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्यास सनद मिळत नाहीं. परंतु सुटकेपासून दोन वर्षें लोटलीं म्हणजे ही अपात्रता संपते. तेंच कलम १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याखालीं दोषी ठरलेल्यालाहि लागू आहे. १९५८ चा परिवीक्षेचा कायदा तर आणखी पुढें जातो: चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या मनुष्यास त्या दोषसिद्धीमुळें दुसरी कोणतीहि अपात्रता चिकटूं नये, असें त्याचें बारावें कलम सांगतें. आमच्या मतें हीं दोन कलमें म्हणजे जुन्या शुद्धिपत्राचे आधुनिक अवतार होत.

वैद्यकीय धंद्यांत प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्राचा १९६५ चा डॉक्टरांच्या परिषदेचा कायदाहि नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यालाच गैरवर्तन समजतो. परिचारिकांची नोंदणी मुंबई इलाख्यांत १९३५ च्या कायद्यानें आली. त्यापूर्वीं १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनानें रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयांत ह्या कामाचें शिक्षण देवविलें. तेव्हां घरोघरीं ह्या धंद्याविषयीं संशय होता, आणि चांगल्या चालचलणुकीचा दाखला हेंच त्या स्त्रियांचें मुख्य भांडवल होतें. म्हणूनच एखाद्या तरुणीच्या नांवावर कोर्टाचा शेरा आला, तर तिचें नुकसान वकिलाच्या नुकसानाहून मोठें होतें.

उलट पक्षाची बाजूहि खोटी नाहीं. वकील पक्षकार निवडतो आणि पक्षकार वकील. रोगी मात्र रात्रपाळीची परिचारिका निवडीत नाहीं. तो शुद्धीवर नसतो. त्याच्या औषधांच्या कपाटाची किल्ली आणि त्याच्या हातांतील बांगड्या तिच्याच भरंवशावर असतात. इंग्लंडनें १९७४ सालीं जुन्या शिक्षा कालांतरानें विसरण्याचा कायदा केला, तरी परिचारिकांना त्यांतून वगळलें, तें ह्याच कारणास्तव. रोग्याची चोरी करणारीला किंवा दुबळ्यास मारणारीला पुन्हा रोग्यापाशीं पाठवा, असें आम्हीं मुळींच म्हणत नाहीं. परंतु सासरच्या भांडणांत खटल्यांत गोंवलेली, मोर्च्यांत पकडली गेलेली, किंवा अठराव्या वर्षीं केलेल्या एका चुकीसाठीं दंड भरलेली मुलगी आणि विषाची बाटली चोरणारी मुलगी ह्यांना एकाच रेघेखालीं आणणें हा न्याय नव्हे, आळस आहे.

म्हणून सनद देणाऱ्या प्रत्येक मंडळानें आपणांस तीन प्रश्न विचारावे. हा गुन्हा ह्या कामाशीं कोठें भिडतो? त्याला किती काळ लोटला, आणि मधल्या काळांत ही व्यक्ति कशी वागली? आणि नकार द्यावयाचाच असेल, तर तो किती वर्षांसाठीं? पहिला प्रश्न १८७९ च्या कायद्यांत होता. दुसऱ्याचें उत्तर आगरकरांना ओळखणाऱ्या पुणेकरांनीं स्वतःच्या अनुभवावरून दिलें. तिसरा ग्रेज इननें आणि इनर टेंपलनें कधीं विचारलाच नाहीं. ज्या मंडळाला नकाराची मुदत लिहितां येत नाहीं, त्यानें आपण शिक्षा देत नसून केवळ रोग्याचें रक्षण करीत आहों असें म्हणूं नये. कारण अंत नसलेली शिक्षा देण्याचा अधिकार आमच्या देशांत न्यायाधीशालाहि सहजासहजीं मिळत नाहीं.