यातली स्ट्रॉबेरी नेमकी कुठली?

जुन्या पाककृतींवर काम करणार असाल, तर हे आधी विचाराच. १४३० च्या सुमाराच्या एका इंग्रजी हस्तलिखितात स्ट्रॉबेरीचं पक्वान्न आहे: फळं रेड वाइनमध्ये धुवून गाळायची, बदामाच्या दुधात शिजवायची, वर मिरी, आलं, केशर, शिवाय व्हिनेगर! तुम्ही महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणून हे केलंत, तर तीच चव मिळाली असं लिहू नका. ती होती रानातली, नखाएवढी. आपली मोठी जात तेव्हा जन्मलीच नव्हती. फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीहून रोपं नेली. त्यांचा उत्तर अमेरिकी जातीशी युरोपातल्या बागांमध्ये संकर झाला. द्युशेनने १७६६ मध्ये तो ओळखला. नाव मात्र पुस्तकांत तेच राहिलं, म्हणून टिपणात पाककृतीशेजारी साल लिहाच.