दुष्काळातले तुकोबा

"देवावर भरवसा ठेव, सगळं ठीक होईल." अडचणीत सापडलेल्या माणसाला आपण हे किती सहज सांगून टाकतो! मीही अनेकदा सांगितलंय. पण हे वाक्य जेव्हा माझ्याच गळ्याखाली उतरत नाही तेव्हा मला तुकोबा आठवतात. कारण त्यांच्या बाबतीत सगळं ठीक झालंच नव्हतं.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. पावसाने दगा दिला, त्यात दख्खनवर मोगली फौजांची धामधूम. १६३० साली सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेत दिसलेल्या प्रेतांबद्दल लिहून ठेवलंय. शाहजहानने बुऱ्हाणपूर, सुरत आणि अहमदाबादला लंगर उघडले होते. पण देहूच्या माणसाला त्याचा काय उपयोग? आणि जवळच्या पुण्याची तर त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने राखरांगोळी केली होती.

अशा काळात देहूत एक तरुण वाणी दुकान सांभाळत होता. घरात महाजनकी, थोडी सावकारी, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. आईवडील आधीच गेलेले, थोरला भाऊ विरक्त होऊन घर सोडून गेलेला. दुष्काळात धंदा बुडाला, दिवाळं निघालं, गावातली पत गेली. पहिली बायको अन्नावाचून गेली. हे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगितलंय, काहीही न लपवता. पाठोपाठ मुलगाही गेला, असं चरित्रकार सांगतात.

मग या माणसाने काय केलं? पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ नीट करायला घेतलं. एकादशीला कीर्तन करू लागला. सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हतं, हीसुद्धा त्याचीच कबुली! संतांची वचनं पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. काल ज्याच्या दारात लोक कर्ज मागायला यायचे तो आज दुसऱ्याच्या मागे उभा राहून साथ करतोय... नम्रता म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आणि ती कर्जखतांची गोष्ट. परंपरा सांगते की धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाटणीची खतं देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. लहानपणी मला हे वैराग्य वाटायचं. आता वाटतं, दुष्काळात होरपळलेल्या कुळांच्या दृष्टीने ती सरळसरळ कर्जमाफी होती. माझी उपासमार झाली म्हणून मी तुमची वसुली करणार नाही, एवढा साधा हिशोब. प्रार्थना तोंडातून हातात उतरली ती अशी.

अर्थात याची किंमत एकट्या तुकोबांनी मोजली नाही. दुसरी बायको जिजाई, म्हणजे आपली आवली, हिलाच पुढे संसार ओढायचा होता. तिला कजाग ठरवून आपण मोकळे झालो. तिचा भरवसा कुणी मोजला?

एक गोष्ट मात्र मला फार धीर देते. तुकोबा देवापुढे गप्प बसले नाहीत. ते भांडले, रुसले, जाब विचारला, आणि तरी पुन्हा त्याच दारात उभे राहिले. गेलेली माणसं परत आली नाहीत, पतही परत आली नाही. भरवसा म्हणजे सगळं ठीक होईल ही खात्री नसावी. ठीक झालं नाही तरी उद्या सकाळी देवळाची पडकी भिंत लिंपायला आपण हजर असू, एवढंच ते असावं.

आता कुणाला धीर द्यायची वेळ आली की मी ते वाक्य म्हणत नाही. नुसता शेजारी जाऊन बसतो. तुम्ही काय करता?