राखीव इंजिन आणि त्याचा राखणदार

श्रोतेहो, आपली ही व्याख्यानमाला वसंतात भरते आणि ती आटोपते न आटोपते तोच वळवाचे दिवस सुरू होतात. वैशाखातल्या एखाद्या दुपारी धुळीचा लोट उठतो, बाभळीच्या फांद्या तारांवर येऊन पडतात, खांब कलतात आणि गाव अंधारात बसते. अशा वेळी ज्याच्या घरी, दुकानात वा दवाखान्यात जनरेटर आहे तो निश्चिंत, असा एक सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा, हे तपासण्यासाठी आज मी थोडा इतिहास सांगणार आहे. विषय यंत्राचा दिसतो. परंतु यंत्राचा इतिहास हा ते चालवणाऱ्या माणसाचाही इतिहास असतो, आणि कामगारांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला तो भाग वगळून पुढे जाता येणार नाही.

आपल्या मुलखातील बहुतेक खेड्यांत विजेच्या आधी इंजिन आले, ही गोष्ट पहिल्याने ध्यानात घेतली पाहिजे. १८३१ मध्ये फॅरडेने चुंबक व तार यांच्या हालचालीतून वीज निर्माण होते हे दाखवून दिले. १८९० मध्ये अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे एकस्व घेतले व ग्रँथम येथील हॉर्न्सबीच्या कारखान्यात ती इंजिने तयार होऊ लागली. १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्ग येथे डिझेलचे इंजिन यशस्वी झाले. इकडे १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. पण ती वीज गिरण्यांसाठी होती. परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आणि येथल्या शेतकऱ्याला मोट, बैल व घासलेटचा दिवा यांपलीकडे दुसरी शक्ती ठाऊक नव्हती.

ती शक्ती तेलाच्या इंजिनाने आणली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना मांडला तो नांगरासाठी. त्यांच्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस केवळ तेलाच्या इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्याने त्याच्याही आधी, १९३० नंतरच्या काही वर्षांतच, डिझेल इंजिन तयार केले होते. इंग्लंडात १९२९ मध्ये निघालेल्या लिस्टरच्या संथ इंजिनाची नक्कल पुढे राजकोटच्या कारखान्यांनी इतकी केली, की ते इंजिन आपल्याच देशाचे होऊन गेले. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमामागे, तमाशाच्या फडामागे हीच इंजिने धडधडत होती.

त्या काळी प्रत्येक इंजिनाचा एक माणूस असे. त्याला कोणी मिस्त्री म्हणत, कोणी नुसता इंजिनवाला. तो सकाळी येऊन पट्टी बुडवून तेल पाही, डिझेल फडक्यातून गाळून टाकीत ओती, पट्ट्याला हात लावून ताण पाही आणि मग हँडल मारी. धुराचा रंग पाहून नोझल बिघडले की पिस्टनची रिंग झिजली, हे तो सांगे. शाळेत तो फार शिकलेला नसे, परंतु त्याचा कान हीच त्याची शाळा होती. इंजिन रोज चालत असे, म्हणून डिझेल शिळे होत नसे, तेलाचा थर आटत नसे, गंज धरावयास फुरसत नसे. रोजचे काम हीच त्या यंत्राची निगा होती, आणि ज्याची मजुरी त्या यंत्रावर अवलंबून होती तोच त्याचा वैद्य होता.

पुढे वीज आली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानुसार राज्याराज्यांत मंडळे निघाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. १९७१ मध्ये आपल्या शेजारी परळीचे औष्णिक केंद्र सुरू झाले. विहिरीवर विजेची मोटार बसली, गिरणी बटणावर फिरू लागली. ही फार मोठी प्रगती होती, आणि तिच्याविषयी कुरकुर करणाऱ्यांपैकी मी नव्हे. तथापि या घडामोडीत इंजिन कोपऱ्यात गेले आणि इंजिनवाला कामावरून गेला. त्याने मिळवलेले ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही.

परंतु वीज जाण्याचे प्रसंग थांबले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेची वीज खंडित झाली आणि दूरच्या मुंबईतले कारखाने थांबले. परळीचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. त्या केंद्राला पाणी जाते ते आपल्याच सोनपेठ तालुक्यातील खडक्याच्या गोदावरीवरील बंधाऱ्यातून. दुष्काळात ते पाणी आटले म्हणून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ते केंद्र बंद ठेवावे लागले. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन आपण सर्वांनी भोगले आहे. त्याच काळात पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी लहान जनित्रे आणि दुकानांपुढची डिझेलची जनित्रे बाजारोबाजारी दिसू लागली. कोपऱ्यात गेलेले इंजिन असे पुन्हा घरात आले. पण या खेपेला एकटेच आले, त्याच्यासोबत इंजिनवाला आला नाही.

भारनियमन कमी झाल्यावर हे यंत्र खऱ्या अर्थाने राखीव झाले. आता ते वर्षातून दोनचार वेळा लागते, आणि लागते तेव्हा नेमके वादळात लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत हजारो खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवड्यांमागून आठवडे अंधारात राहिली. अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटावर सप्टेंबर २०१७ च्या वादळानंतर सगळीकडे वीज परत यावयास जवळजवळ वर्ष गेले. काही तासांसाठी घेतलेली जनित्रे तेथे महिनोन्‌महिने चालवावी लागली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, त्या दिवशी मुलुंडच्या एका रुग्णालयात जनित्रालाच आग लागून रुग्णांना हलवावे लागले. जे संकटात उपयोगी पडावयाचे, तेच संकट होऊन बसले.

मराठवाड्यातील एका जिनिंग कारखान्यात मी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला आहे. रात्रपाळीला वीज गेली, चाळीस माणसे अंधारात यंत्रांमध्ये उभी, आणि जनित्र सुरू होईना. बॅटरी उतरलेली, टाकीच्या तळाशी पाणी. दुसऱ्या दिवशी मालकाने विचारले, "हे काम कोणाचे होते?" उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण ते काम कोणालाच दिलेले नव्हते.

निजून राहिलेले यंत्र का बिघडते, हे समजून घेणे अवघड नाही. टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेतील बाष्प थंडावून पाणी होते व तळाशी बसते; त्या पाण्याने डिझेलमध्ये गाळ धरतो आणि गाळणी तुंबते. पेट्रोल काही महिन्यांत उडून चिकट होते व कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. बॅटरी काही काम न करताही हळूहळू उतरत जाते. हवेच्या गाळणीत उंदीर व कुंभारीण घर करतात. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो.

म्हणून मृग निघण्यापूर्वी, शक्य तर अक्षय्यतृतीयेच्या सुमारासच, पुढील कामे उरकावीत. तळाचे पाणी व गाळ काढून टाकी ताज्या इंधनाने भरावी. डिझेलची गाळणी बदलल्यावर नळीतली हवा काढावी, नाही तर इंजिन धापा टाकून बंद पडेल. तेल काळे वा पातळ झाले असेल तर बदलावे. बॅटरीची टोके घासून घट्ट करावीत, शुद्ध पाण्याची पातळी पाहावी. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. आणि वर्षभर दर पंधरवड्यास अर्धा तास यंत्र चालवावे. तेही रिकामे चालवू नये, पंखे, दिवे, मोटार असा खरा भार देऊन चालवावे. डिझेल इंजिन भाराविना फिरत राहिले तर इंधन पुरते जळत नाही व काजळी साचते. भार किती द्यावयाचा याचाही हिशेब हवा. मोटार सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, हे विसरून घेतलेले लहान जनित्र पहिल्याच पावसात जळते.

दोन गोष्टींत मात्र चुकीला क्षमा नाही. पहिली धुराची. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस झोपेतच जातो. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात ऑगस्ट २०२० च्या वादळातून वाचलेली कित्येक माणसे नंतर जनित्राच्या धुराने मेली. पाऊस लागतो म्हणून यंत्र ओसरीत, जिन्याखाली वा बंद गाळ्यात घेऊ नये. त्यावर बाहेरच छप्पर घालावे. चालू वा तापलेल्या यंत्रात इंधनही ओतू नये.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. कित्येक जण जनरेटरची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खोचतात. मुख्य स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून उलट खांबाकडे जाते. खांबावरच्या रोहित्रात २३० व्होल्टचा दाब उलट्या बाजूने चढून ११,००० व्होल्टच्या तारेपर्यंत पोचू शकतो. त्याच वेळी भर पावसात तुमचीच लाईन जोडण्यासाठी कोणी लाईनमन खांबावर चढलेला असतो. उपकेंद्रातून वीज बंद केल्याची खात्री करूनच तो चढलेला असतो, आणि त्याला मारते ती शेजारच्या घरातली वीज. अशाने माणसे मेलेली आहेत. यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: एकतर लाईन, नाही तर जनरेटर, दोन्ही कधीच एकत्र जुळणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच जाणत्या वायरमनकडून बसवून घेणे. निसर्ग वादळानंतर दूरदूरच्या जिल्ह्यांतून वीज कामगार कोकणात गेले आणि चिखलात उभे राहून त्यांनी खांब रोवले. त्यांच्या जिवाची किंमत या एका स्विचाहून खचित अधिक आहे.

शेवटी मूळ प्रश्न उरतो तो राखणदाराचा. १९४८ च्या कारखाना कायद्याने चालू यंत्राला तेल घालण्यासारखे काम तंग कपडे घातलेल्या, शिकवून तयार केलेल्या प्रौढ कामगारानेच करावे असे ठरवले. यामागचे तत्त्व असे की यंत्राची निगा हे जबाबदारीचे काम आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने उरकण्याचे नव्हे. दवाखान्यात, शाळेत, बाजारपेठेतल्या गाळ्यांत जनित्र असेल तर त्याचा एक माणूस नेमा. त्याला शिकवा, त्या कामाचा वेगळा मोबदला द्या, आणि भिंतीला एक वही टांगून तारीख, चाललेले तास, तेल व इंधन यांची नोंद त्याच्या सहीने ठेवा. घरी यंत्र असेल तर घरातल्या एकाने, मग तो मुलगा असो वा मुलगी, हे काम आपले म्हणून अंगावर घ्यावे. जुन्या इंजिनवाल्याचा कान आपण परत आणू शकणार नाही. पण त्याची जागा रिकामी न ठेवणे आपल्या हातात आहे. मृगाला अजून अवकाश आहे. उद्या सकाळीच टाकीचे झाकण उघडून तळ पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.